खिळ्यांचा पाळणा

विजयाबाईंना किळस फार. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, नया बाजारातल्या गल्लीत, नात्यागोत्यात आणि किला गेटजवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं बाळांना लस टोचली तिथंही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाला गेल्या तरी पाणी घरचं. दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नाही. रिक्षात बसायचं तर आधी रुमाल अंथरायचा. यजमान महिपतराव होते तेव्हा चारचौघांत म्हणायचे, "हिचं चाललं तर ही हवासुद्धा गाळून घेईल." लोक हसायचे, विजयाबाईही हसायच्या. त्यांना खरी किळस कशाची यायची ते मात्र त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

यंदा त्यांची लेक हर्षिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भोपाळला बँकेत अधिकारी, वय तेहतीस, आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी म्हटल्यावर बाळ निजवायची सोयही माहेरानंच करायची. विजयाबाईंनी दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलली आणि नई सडक गाठली.

दोन दुकानांतून त्या नाक मुरडून बाहेर पडल्या. पहिल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पाळण्याला रॉकेलसारखा वास येत होता. दुसऱ्यात गुलाबी गादी उचलून पाहिली, तर खाली उंदराच्या लेंड्या. "माताजी, झटक देंगे ना," दुकानदार म्हणाला. जसं काही लेंडी झटकली की गादी नवी होते! तिसऱ्या दुकानात मात्र साध्या लाकडाची कॉट होती. बुटकी, चार पायांवर घट्ट उभी. त्यांनी कठड्याच्या दांड्यांमधून मूठ घालून पाहिली, गादी नाकाशी नेली, बोट ओलं करून रंग निघतो का ते पाहिलं. निघाला नाही.

"लड़का है कि लड़की? उसी हिसाब से चादर दिखाऊँ," दुकानदारानं विचारलं.

"बच्चा है," विजयाबाई म्हणाल्या. उद्या लेकीला घेऊन येते, तोवर कोणाला देऊ नका, असं बजावून त्या घरी आल्या.

घरी येऊन पाहतात तो हॉलच्या मधोमध पाळणा. काळा शिसवी, चार कोपऱ्यांना पितळी गोळे, आणि कडेच्या पट्टीवर गोल डोक्याच्या पितळी खिळ्यांची रांग. बाजूला खुर्चीवर त्यांच्या थोरल्या जाऊबाई, सुधाताई, चहा पीत बसलेल्या. विजयाबाई दारातच थांबल्या.

"आई, बघ ना!" हर्षिता हरखून गेली होती. "मोठी आईने टेम्पो से भिजवाया. आपल्या पणजोबांच्या वेळचा आहे. दरबारच्या पागेत होते ना ते? और ये वर्क देखो, पूरा हैंडमेड!" तिनं खिळ्यांवरून बोट फिरवलं. तिला ते नक्षीकाम वाटत होतं.

विजयाबाई स्वयंपाकघरात गेल्या. सुधाताई कप ठेवायच्या निमित्तानं मागोमाग आल्या.

"विजया, अकरा वर्षं झाली खिळ्यांची रांग थांबून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे आता कोणाला होणार नाही. म्हटलं लेकीकडचा तर लेकीकडचा, रक्त तर आपलंच आहे ना."

"आणि मुलगी झाली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. पण पोट बघ तिचं, कसं टोकदार आहे. मुलगाच आहे, लिहून देते मी." त्यांनी कप विसळला आणि ओला हात विजयाबाईंच्या स्वच्छ टॉवेलला पुसला.

"तेव्हाचं तेव्हा बघू." हे वाक्य विजयाबाईंनी याच तोंडून तेहतीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. त्यांची आई लवकर गेलेली, म्हणून त्यांचं बाळंतपण सासरीच झालं. सातव्या महिन्यातच हा पाळणा झाडून-पुसून खोलीत आणून ठेवला होता. मुलगी झाली. बाराव्या दिवशी सकाळी, बारशाच्या आधी, दोन माणसं आली आणि पाळणा उचलून घेऊन गेली. या पाळण्यात मुलगी निजत नाही. घराण्यातला मुलगा निजला की पट्टीवर एक खिळा, अशी रीत. बारसं झालं ते पंख्याच्या हुकाला बांधलेल्या साडीच्या झोळीत. नाव ठेवायला आलेल्या बायका झोळीला झोका देत गोड गोड गात होत्या, आणि बारा दिवसांची ओली बाळंतीण भिंतीशी बसून पाळण्याच्या पायांचे फरशीवर उमटलेले चार ठसे बघत होती. एवढी शिकली-सवरली घराणी, भिंतीवर तलवारी लावणारी, आणि बारा दिवसांच्या जिवाची इतकी धास्ती! शी!

सुधाताई गेल्या. हर्षितानं पाळण्यात उशी ठेवून फोटो काढला, तरुणला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, पाठवला.

"हर्षिता, हा पाळणा नको," विजयाबाई म्हणाल्या. "मी नई सडकवर कॉट बघून आले आहे. उद्या तुला दाखवते."

"आई, प्लीज! दुकान की फालतू कॉट? डेटॉलनं पुसून घेऊ आपण, उन्हात ठेवू. तुझं ते किळस-बिळस असतंच नेहमी."

"घाणीचं नाही म्हणत मी."

"मग?"

विजयाबाईंना वाटलं, कीड लागली आहे म्हणावं, दोरी कुजली आहे म्हणावं. लेकीला बरं वाटेल असं काहीही चाललं असतं. पण हर्षिता पोटावर हात ठेवून, भुवया उंचावून उभी होती, आणि त्या पोटात कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मोज ते खिळे," त्या म्हणाल्या.

हर्षितानं मोजले. "तेवीस. तो क्या?"

"तेवीस मुलगे. मुलींना खिळा नाही. मुलींना पाळणाच नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं. सातवा महिना, बारावा दिवस, ती दोन माणसं, झोळी. सांगताना आवाज चढला तो त्यांनी चढू दिला. तेहतीस वर्षं गिळलेलं होतं ते.

हर्षिता सोफ्यावर बसली.

"मी झोळीत होते?"

"हो."

"छी! इतनी घटिया बात, आणि तू कधी बोलली नाहीस?" मग तिला भाऊ आठवला. "राजवर्धन दादू निजला होता यात?" राजवर्धन तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण लाडानं सगळे त्याला दादूच म्हणत.

"हो."

"त्याचा कोणता?"

विजयाबाईंनी वाकून बोट ठेवलं. "शेवटून तिसरा."

"कोणी ठोकला?"

"तुझ्या बाबांनी."

"और तू क्या कर रही थी, आई?"

"पेढे वाटत होते."

हे एवढ्यावर थांबलं असतं. महिपतराव गेलेले, सुधाताई आपणहून काही सांगणाऱ्या नव्हत्या, आणि हर्षिताला त्या वयातलं आठवणं शक्य नव्हतं. दोष पाळण्याचा, जावेचा, नवऱ्याचा, घराण्याचा ठरला असता. पण विजयाबाईंना स्वतःचा इतका वीट आला होता की तोंडातून निघूनच गेलं.

"खिळा बहिणीच्या हातून घ्यायची रीत आहे," त्या म्हणाल्या. "तू चार वर्षांची होतीस. मी तुला नवा फ्रॉक घातला, वेण्या घातल्या. खिळा मीच तुझ्या मुठीत दिला आणि म्हटलं, जा, बाबांना दे. तू धावत गेलीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुला वाटलं, तुझंच कौतुक चाललं आहे. मला खरंच आनंद झाला होता, हर्षिता. मुलगा झाला, पाळणा परत आला, माझी मान वर झाली. तुझ्या झोळीची तेव्हा मला आठवणसुद्धा झाली नाही."

हर्षिता उठली. फोन घेऊन खिडकीशी गेली. "मोठी आई, टेम्पो भेज दीजिए. पाळणा परत न्या. आजच. नाही, काही तुटलं नाही. नहीं, मुझे नहीं चाहिए." पलीकडून सुधाताई मोठमोठ्यानं बोलत होत्या. हर्षितानं फोन ठेवून दिला.

टेम्पो आला, पाळणा गेला. हॉल पूर्वीसारखा झाला. विजयाबाईंनी बादली आणून फरशी पुसायला घेतली.

"ती कॉट कोणत्या दुकानात आहे?" हर्षितानं विचारलं.

"नई सडकवर. तिसरं दुकान, निळ्या शटरचं. उद्या दहाला निघू या आपण. मी त्याला सांगून ठेवलं आहे की लेकीला घेऊन—"

"नको," हर्षिता म्हणाली. "मी एकटी जाईन."

विजयाबाई फरशी पुसत राहिल्या.