खरबाचं घर

बहनजी नळावर आल्या की रांगेत उभ्या राहण्याआधी रांग वाचायच्या. नळाखालच्या बादलीवर बोट रोखून सुरू करायच्या, "इकाई, दहाई, सैकड़ा, हजार, दस हजार, लाख..." आणि शेवटी आपली बादली टेकवून जाहीर करायच्या, "आज अपन दस लाख पर हैं." मधेच कोणी भांडं सरकवलं तर आवाज चढायचा. "ए बाई, तेरे घुसने से मैं करोड़ हो गई! और नल पर करोड़ होना कोई अच्छी बात नहीं है."

तांडापेठेतल्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत तेव्हा घरोघरी माग चालत. त्या खटखटीतही त्यांचा आवाज वेगळा ऐकू यायचा. त्या मूळच्या जबलपूरकडच्या, विधवा. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हिंदी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायच्या आणि आमच्या समोरच्याच खोलीत भाड्यानं राहायच्या. खरं नाव सावित्री तिवारी, पण ते फक्त शाळेच्या मस्टरवर. पोरांच्या बहनजी, म्हणून आमच्याही बहनजी.

बाई फार गोड वगैरे नव्हती. वरणात मीठ जास्त घालायची आणि दुसऱ्यालाही तेच खायला लावायची. पोरांचे कान पिळायची. शाबासकी द्यायची वेळ आली की नुसतं "ठीक है" म्हणायची, तेही दुसरीकडे बघून. वय विचारलं तर म्हणायची, "कहीं लिखा नहीं है." पण मोठे आकडे लिहायला आणि वाचायला शिकवावेत तर तिनंच.

आमची पहिली ओळख भांडणानंच झाली. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण मराठी शाळेत गुरुजींनी परार्धापर्यंत पाठ करून घेतलेलं. एकदा नळावर त्यांचं ते "दस अरब, दस खरब" ऐकून मी म्हटलं, "बहनजी, तुमचे आकडे गरीबच दिसतात. एकाआड एक नुसतं दस, दस. आमच्याकडं अब्जाच्या पुढं हरेक घराले स्वतःचं नाव हाये."

"अच्छा? बोलके दिखाओ."

मी बादली खाली ठेवून म्हणून दाखवलं. "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध."

त्या बोटं मोडत होत्या. लगेच म्हणाल्या, "तुम्हारा खर्व ग्यारहवें घर में बैठा है, कौशल्या. हमारा खरब बारहवें में बैठता है." मी म्हटलं, तुमचाच चुकीच्या घरात घुसला. मागच्या बायका ओरडायला लागल्या, "पाणी भरा वं, मग करा हिशेब!" शेवटी बहनजी म्हणाल्या, दोघी एकदम म्हणू, एका दमात एक घर. म्हटलं. मी परार्ध म्हटलं त्याच वेळी त्यांनी शंख म्हटलं. दोघी अठराव्या घरात एकदम पोचलो. त्यांनी बादली उचलली. "नाम कुछ भी रखो. घर उतने ही हैं."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांची शिकवायची रीत अशी. गल्लीत, त्यांच्या ओट्यासमोर, चुन्यानं अठरा गोल काढलेले. नळाकडचा गोल इकाईचा, उजवीकडचा. तिथून डावीकडे एकेक घर वाढत शेवटी पिंपळाजवळ शंख. प्रत्येक गोलात चौथीचं एक पोरगं, हातात पाटी, पाटीवर एक आकडा. आकड्यांच्या मधे मधे पहिलीतली चिल्लीपिल्ली उकिडवी बसवायच्या. ती स्वल्पविराम. उजवीकडून आधी तीन घरं सोडून एक, पुढं दोन-दोन घरांनंतर एकेक. चिल्लीपिल्ली हलली की त्या ओरडायच्या, "अल्पविराम, बैठो!" मग छडी घेऊन उजवीकडून घरं मोजत जायच्या आणि डावीकडून आकडा वाचत परत यायच्या. आकडा कधी उजवीकडून वाचायचा नाही आणि घर कधी डावीकडून मोजायचं नाही, हा त्यांचा कायदा.

शाळेचे मोठे गुरुजी त्यांना सांगून थकले होते की पुस्तकात करोडपर्यंतच आहे. "बच्चे उसके आगे जाके क्या करेंगे?"

बहनजी म्हणायच्या, "रास्ता देखके रखेंगे. जाना हो, न जाना हो."

माझी सुमन त्यांच्या चौथीत होती. मराठी शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडं, म्हणून हिला हिंदीत घातली. घरात चालायचं सासऱ्यांचं. नवरा मिलमध्ये पाळीला जायचा आणि घरात तोंड उघडायचा नाही. सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "चौथी झाली का बस. कांड्या भरायले हात पाहिजेत." माझ्याही बापानं हेच म्हटलं होतं आणि मी तेव्हापासून मागासाठी सुताच्या कांड्याच भरत होते. सुमननं पाचवीत बसावं असं मला फार वाटायचं. सासऱ्यांशी वाद घालून उपयोग नव्हता. मी बहनजींना एवढंच सांगून ठेवलं की चौथीनंतर हिला काढणार आहेत. त्यांनी ऐकलं आणि विषय बदलला. मला राग आला होता.

त्या वर्षी शाळेच्या संमेलनात अठरा पोरांचा आकडा उभा करायचा ठरलं. चौथीत पोरं बरोबर अठरा. शंखाच्या घरात गोपाल उभा राहणार होता, हातात नवाची पाटी. त्याचे वडील किराणा दुकानदार शेटजी. आपला पोरगा शंखावर उभा राहणार हे त्यांनी गिऱ्हाइकांना तेलासोबत फुकट ऐकवलं होतं. सुमन खरबाच्या घरात. तिच्या पाटीवर शून्य.

तालमीच्या वेळी आमच्या गल्लीतल्या एका बाईनं दारातून टोमणा मारला, "काय वं सुमे, तुले भोपळा भेटला काय?" आत मागावर बसलेल्या सासऱ्यांनी ते ऐकलं. धोटा तसाच टाकून ते बाहेर आले.

"बाई, माझ्या नातीले शून्य देऊन राहिली तू? शेटच्या पोराले नऊ अन् कोष्ट्याच्या पोरीले भोपळा? काहून?"

"बाबाजी, शून्य की भी जगह होती है. उसको भी खड़ा रहना पड़ता है."

"मंग तुझी जगह तुझ्यापाशी ठेव. चाल गा सुमे घरी! आजपासून शाळा बंद." सासरे रागावले की पोरीलाही पोरासारखं "गा" म्हणायचे. पाटी गोलात ठेवून सुमन आली. मी दारात उभी होते. तिचं तोंड पाहिलं आणि बहनजींकडं पाहिलं. वाटलं, आता ही बाई धावत येईल, हात जोडेल. तिनं पाटी उचलली आणि पदरानं पुसून ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तालीम. सुमन आत कांड्या भरत होती. बहनजींनी छडी घेतली, खरबाच्या रिकाम्या गोलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "घर खाली नहीं रह सकता. बाएं वाले सब सरको, एक-एक घर." डावीकडची सहा पोरं एकेक गोल उजवीकडे सरकली. उजवीकडच्यांचं काहीच बिघडलं नाही. पण पिंपळाजवळचा गोल रिकामा पडला. बहनजींनी मोजलं आणि गोपालच्या डोक्यावर छडी टेकवली. "तुम अब शंख नहीं हो. दस पद्म हो गए."

गोपालनं तिथंच भोकाड पसरलं आणि पाटी घेऊन घरी पळाला.

शेटजी दुकान उघडं टाकून आले. "बहनजी, ये क्या लगा रखा है? किसी और को खड़ा कर दो."

"किसको? अठारह ही हैं मेरे पास."

"ये जो नीचे बैठे हैं, इनमें से एक उठाओ."

"ये अल्पविराम हैं, शेटजी. पहली के हैं. अभी पाटी पकड़ते हैं तो चाटते हैं."

"फिर मैं क्या करूँ?"

"जिसकी जगह है उसको लाइए. उनके घर जाइए."

शेटजी आमच्या दारात कधी आलेले नव्हते. आमच्यासारख्यांनीच त्यांच्या दुकानाशी उभं राहायचं. ते चौकटीत वाकून उभे राहिले. सासरे मागाच्या खड्ड्यात बसलेले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दादा, बच्ची को भेज दो."

"काहून? शून्याचं काय मोल हाये?"

"दादा, वो हट गई तो मेरा गोपाल नीचे आ गया."

सासऱ्यांनी माग थांबवला. ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून हात फिरवत विचारलं, "म्हणजे माझी नात निघाली तर तुमचा पोरगा तिथं उभाच राहत नाही?"

"नहीं रहता."

"जरा मोठ्यानं बोला, शेटजी. मागाच्या आवाजानं मले कमी ऐकू येते." माग बंद होता.

"नहीं रहता!" शेटजी ओरडले. समोरच्या घरातली भोपळा म्हणणारी बाईसुद्धा दारात आली होती.

सासरे म्हणाले, "ताण्यातला एक धागा निघाला तर पुरा पन्हा ढिला पडते. आमाले नका शिकवू. जा वं सुमे."

संमेलनात सुमन शून्य घेऊन उभी राहिली. डोळ्याची पापणी हलवली नाही पोरीनं. आकडा वाचून झाला, टाळ्या पडल्या. शेटजींनी पेढे वाटले. सासऱ्यांनी वाटलं ते वेगळंच. पुढचे कितीतरी दिवस गोळीबार चौकापर्यंत जो भेटेल त्याला ते सांगत होते, "शेटचं पोरगं आमच्या सुमीच्या भरवशावर उभं होतं. विचारा त्याले."

उन्हाळ्यात निकाल लागला आणि बहनजी आमच्याकडे आल्या. येताना घरी केलेली खारट शेव आणली होती. सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबाजी, सुमन पाँचवीं में बैठेगी?"

मी स्वयंपाकघरात हातातलं पीठ तसंच धरून ऐकत होते.

सासरे बराच वेळ शेव चावत राहिले. एवढं गावभर सांगून झाल्यावर त्याच नातीला कांड्यांवर बसवायचं तर चौकात तोंड दाखवायची चोरी. शेवटी म्हणाले, "जाईन सुमी पाचवीत. पण ह्या शेवेत मीठ कमी घालत जा."

मी नंतर बहनजींना विचारलं, "खरं सांगा, तुम्ही मुद्दाम तिले शून्य दिलं का?"

"शून्य मैं हमेशा सबसे मजबूत बच्चे को देती हूँ. नौ वाले को तो सब देखते हैं, वो अपने आप तना रहता है. शून्य वाला ऊबके भाग जाता है. तुम्हारी वाली भागने वाली नहीं है."

"पण सासऱ्यानं नेली ना पळवून."

"वो थोड़े भागी," त्या म्हणाल्या. "भागने में और ले जाने में फरक है." मला अजूनही कळलेलं नाही की त्यांनी सगळं आधी ठरवलं होतं, की शेटजी भांडायला आल्यावर त्यांना सुचलं. विचारून काही निघत नाही अशी बाई होती ती.

सुमन मॅट्रिक झाली, नर्सिंग केलं, कोराडीला वीज कॉलनीच्या दवाखान्यात लागली. फार मोठी झाली असं मी म्हणणार नाही. कांड्या भरल्या नाहीत, एवढं खरं. सासरे ती मॅट्रिक व्हायच्या आधीच गेले. पुढं गल्लीतले मागही एकेक करून बंद पडले. बहनजी निवृत्त झाल्या तरी दर दसऱ्याला चुन्याचे गोल नव्यानं काढत आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोराला उभं करत. मग गुडघे गेले. जबलपूरहून भाचा न्यायला आला.

त्या निघाल्या त्या दिवशी सायकलरिक्षात त्यांची ट्रंक, भाचा आणि त्या. गल्ली गोळा झाली होती. गोपाल आला होता, आता दुकान तोच बघायचा, पोट सुटलेलं. जुनी पोरं कोणी बायकोला घेऊन, कोणी कामावरून तशीच. गप्पा मारता मारता कोण कसं गोलांवर जाऊन उभं राहिलं कोणाला कळलं नाही. गोपाल पिंपळाजवळ. जी पोरं गाव सोडून गेली होती त्यांच्या गोलांत त्यांचे भाऊबहीण, पोरंबाळं. सुमनची बस कोराडीहून यायची होती, आली नव्हती.

मी रिक्षाजवळ उभी होते. त्या मला म्हणाल्या, "रोना मत."

"मी कुठं रडून राहिली? तुमच्या डोळ्यात कचरा गेला असंन."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि रिक्षात बसल्या बसल्या बोट वर केलं. नळापासून सुरुवात केली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट एकेक माणसावरून सरकत गेलं आणि थांबलं.

"कौशल्या, खरब का घर खाली है."

"निखर्व म्हणा," मी म्हटलं.

"जो भी है. खाली है."

मी जाऊन त्या गोलात उभी राहिले. त्यांचं बोट पुढं सरकलं, पिंपळापर्यंत गेलं.

"ठीक है," त्या म्हणाल्या. आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो."