खुर्ची खाली कुणी घ्यायची

महाळुंग्याच्या दौलतरावांना कंपनीत फिरती खुर्ची मिळाली आणि तिथून त्यांच्या हाताचं वाटोळं सुरू झालं.

जमिनी कारखान्यांखाली गेल्या तेव्हा त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी लागली, ती दौलतरावांनी घेतली. काम असं की गेटजवळच्या ऑफिसात बसून आल्या-गेल्या मालाचे पास कॉम्प्युटरवर काढायचे. शेजारच्या टेबलावर भंगाराचे पास काढायला त्यांचे चुलतभाऊ सोपानराव. ज्या साहेबानं ही दोन टेबलं शेजारी लावली तो नक्की परगावचा असणार. या दोन घरांत आजोबांपासून एका तुकड्यावरून वाद आहे. त्या तुकड्यावर आता डांबर पडलंय, वर परराज्यातले ट्रक उभे राहतात, पण बांध कुणी कोरला याचा दावा कोर्टात अजून ठणठणीत आहे.

खुर्च्या आल्या त्या दिवशी सोपानरावांनी बसता बसता सहज खालचा खटका ओढला आणि ते बोटभर वर गेले. भावकीत सहज असं काही नसतं. दौलतरावांनी तिरकं पाहिलं, आपलाही खटका ओढला आणि दोन बोटं वर गेले. दुपारच्या चहापर्यंत दोन्ही खुर्च्या जिथवर जातात तिथवर पोचल्या होत्या. टेबलं राहिली खाली आणि माणसं गेली वर. मग दिवसभर मान मोडून, मनगटं दुमडून टायपिंग. पाय टेकेनात म्हणून दौलतरावांनी ते कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवले. डब्याची हवेची जाळी बुटाखाली दबायची, डबा तापायचा आणि ऐन गर्दीत बंद पडायचा. कंपनीनं मशीनच हलकं दिलंय, असं दौलतराव ट्रक ड्रायव्हरांना सांगायचे.

वर्षभर हे सिंहासन भोगल्यावर उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. सकाळी उठलं की बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. इथं मात्र दौलतराव घाबरले. कारण कंपनीत ते पासवाले असले तरी गावात पखवाजी होते. भैरवनाथाच्या देवळातल्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला पखवाज त्यांच्याच घरचा, आधी वडिलांचा आणि मग त्यांचा. दावा हरला असता तरी ते जगले असते, पण पखवाजाशिवाय आपण गावात कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"सप्ता तोंडावर आलाय," त्यांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी, त्यांच्या हातून पडून फुटलेला कप गोळा करता करता सांगितलं. "हात असाच ऱ्हायला तर पखवाज सोपानभावजींच्या ओंकारकडं जाईल. त्यो वाजवतो बी चांगला."

हे ऐकून दौलतराव तडक चाकणच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं मनगट दाबून पाहिलं, ऑफिसात कसे बसता ते विचारलं आणि म्हणाला, "नस दबतेय. गोळ्या देतो, पण आधी खुर्ची खाली घ्या."

या पट्ट्यात माणसाला असं कुणी सांगतं का? इथं सरपंचापासून पतसंस्थेच्या चेअरमनपर्यंत माणसं जन्मभर दुसऱ्याची खुर्ची खाली ओढण्यात घालवतात. स्वतःची खाली घेतलेला माणूस महाळुंग्यात अजून कुणी पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात कंपनीत ट्रेनिंग झालं. शिकवायला मोनिका नावाची मुलगी होती, पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसनं येणारी. भावकी म्हणजे काय हे तिला पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

"पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत," ती सांगत होती. "कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट सरळ. स्क्रीन हातभर लांब, तिची वरची कड डोळ्यांसमोर. मधूनमधून नजर काढून लांब बघायचं, उठून चार पावलं चालायचं. जागा सोडताना स्क्रीन लॉक करायची. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवायचा नाही."

एवढं बोलून ती दोघांच्या टेबलांकडे वळली आणि थांबली. दोन्ही स्क्रीनवर दोन चिठ्ठ्या होत्या आणि दोन्हींवर एकच आकडा.

"काका, दोघांचा पासवर्ड सेम कसा?"

"सेम न्हाई, माझाच हाय त्यो," दौलतराव म्हणाले. "आमच्या तुकड्याचा गट नंबर हाय."

"त्याचा कुठनं आला? सातबारा बघा म्हणावं," सोपानराव म्हणाले.

"मग दोघंही बदला. आजच."

"बदलला म्हंजी हक्क सोडला," दौलतराव म्हणाले. सोपानरावांनी मान हलवली. गेल्या कित्येक वर्षांत या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं.

मोनिकानं चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि खुर्च्यांकडे मोर्चा वळवला. दौलतरावांना खरंच खाली यायचं होतं. त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "म्याडम, दोघांनी एकाच टायमाला घेतली तर?" तिनं बरं म्हणून एक, दोन, तीन मोजले. दोघांचे हात खटक्यावर गेले आणि तिथंच राहिले. दौलतराव सोपानरावांच्या हाताकडे बघत होते आणि सोपानराव दौलतरावांच्या. मोनिकानं पुन्हा मोजलं. मग जेवणाची सुट्टी झाली.

पुढं सोपानराव मेहुण्याच्या घरच्या लग्नाला आळंदीला गेले आणि चांगली आठवडाभराची रजा टाकून गेले. पहिल्याच दिवशी दौलतरावांनी दार लोटून घेतलं आणि खटका दाबला. खुर्ची सुस्कारा टाकत खाली आली. पाय जमिनीला टेकले. मनगट सरळ झालं. आठवडा सरता सरता मुंग्या कमी झाल्या. घरी त्यांनी पखवाज मांडीपुढं घेतला, डाव्या अंगाला कणीक लावली आणि उजवी बोटं शाईवर टाकली, तर ती ऐकू लागली. त्यांना इतका आनंद झाला की जयमालाबाईंना त्यांनी स्वतः चहा करून दिला.

सोपानराव परतले. त्यांनी खुर्ची पाहिली आणि फार गोड आवाजात राम राम घातला. तेव्हाच सावध व्हायचं, पण दौलतरावांना गेटवर ट्रक बघायला जायचं होतं. जाताना त्यांनी मोनिकानं शिकवल्याप्रमाणे स्क्रीन लॉक केली. कुलूप लावलं खरं, पण किल्ली चुलतभावाच्या तोंडपाठ होती.

ते परत आले तेव्हा खिडकीपाशी चार ड्रायव्हर आणि वॉचमन हसत उभे होते. दौलतरावांच्या स्क्रीनभर फोटो होता, एक खुर्ची उंच, एक बुटकी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "दौलतराव खाली आले." हाच फोटो भावकीच्या ग्रुपवरही पडला होता आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

मोनिका धावत आली. "काका, फोटो मी काढून टाकते, पासवर्डही बदलून देते. खुर्ची मात्र राहू द्या. हाताचं बघा."

"हाताचं बघतो, म्याडम. आदी नाकाचं बघू द्या," असं म्हणून दौलतरावांनी खटका ओढला. पासवर्डही त्यांनी बदलू दिला नाही.

काल्याच्या कीर्तनाला देऊळ भरलं होतं. महाराजांनी चाल धरली, टाळ सुरू झाले, दौलतरावांचा डावा हात घुमला. उजवा पहिल्या काही आवर्तनांना साथीला होता, मग बोटं बधिर होत गेली. एक बोल चुकला, दुसरा आलाच नाही. महाराजांनी वळून पाहिलं. ओंकार मागून पुढं सरकला आणि हळूच म्हणाला, "काका, मी धरू का?" त्याच्या आवाजात अदब होती, त्यामुळे दौलतरावांना जास्तच लागलं. त्यांनी पखवाज सरकवला आणि खांबाला टेकून बसले. पोरगं सुंदर वाजवत होतं. दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं आहे असा शेजाऱ्यांनी समज करून घेतला.

सोपानराव समोरच बसले होते, गळ्याला डॉक्टरचा पांढरा पट्टा. मुलगा वाजवत होता त्यांच्या डावीकडे आणि मान काही तिकडे वळत नव्हती. ते सगळं कीर्तन समोरच्या दानपेटीकडे बघत ऐकत राहिले.

सोमवारी दौलतराव ऑफिसात आले तेव्हा सोपानरावांची खुर्ची पार खाली होती आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. पट्ट्यातून मान वर करता येईना, म्हणून त्यांनी नुसते डोळे वर केले.

"दौलत, घे बाबा तूबी खाली," ते म्हणाले. "हात घालवलास. आता न्हाई काढत मी फोटो."

बोलणं खरं होतं आणि दौलतरावांना ते कळतही होतं. पण सोपान खाली आणि आपण वर, हे बघायला त्यांनी वर्ष काढलं होतं. उजव्या हाताला खटका ओढवेना, म्हणून त्यांनी डावा हात घातला आणि खुर्ची आहे तिथून अजून बोटभर वर जाते का ते पाहिलं.