वसुमतीअक्कांची जाळी

पडदा वर जातो. राजाजीनगरातल्या एका बैठ्या घराची पुढची खोली. सकाळचे दहा. डाव्या अंगाला खिडकी, खिडकीशी पायमशीन, मशीनवर उन्हाचा लांबट पट्टा. उजवीकडे वेताच्या खुर्चीत कन्नड पेपर उघडून बसलेले एक गृहस्थ. पेपराच्या वर त्यांचं टक्कल दिसतं, खाली पाय, मधला माणूस बातम्यांत बुडालेला. आणि ऐन मध्यावर, तिवईवर, एक लाकडी मुंडकं. त्या मुंडक्यावरून खाली झुळझुळत आलेली, धुक्यासारखी पांढरी, नवरीच्या डोक्यावरची जाळी.

आतून येतात वसुमतीअक्का. वय शहात्तर, उंची बेताची, पदर कमरेला खोचलेला, ओठांत सुई. येतात, दोन पावलं मागे सरतात, डोळे बारीक करतात आणि त्या मुंडक्याला दरडावतात, "महाराज, मान वर!"

मुंडक्याचं नाव महाराज, कारण त्याने जन्मभर राजांचेच टोप सांभाळले होते. बेळगावची वसुमती लग्न होऊन बेंगळुरात आली तेव्हा तिचे यजमान कृष्णाजी सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकांत प्रॉम्प्टर. नवरा रोज तालमीला जातो आणि आपण घरात बसून काय करायचं, म्हणून ती एकदा सोबत गेली. सेनापतीची बाही उसवलेली होती, ती तिने उभ्या उभ्या शिवली. ती बाही काही संपली नाही. पुढची चाळीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकातला प्रत्येक कपडा अक्कांच्या हातून गेला. स्वतः त्या एकदाही प्रकाशात आल्या नाहीत, पण त्यांच्या पिना लागल्याशिवाय कुणी प्रकाशात गेलंही नाही.

पिना म्हणजे केसांत खोचायच्या साध्या काळ्या पिना. पेपरमिंटच्या चपट्या डब्यात राहायच्या. अक्का त्या मोजून द्यायच्या आणि प्रयोग संपला की मोजून घ्यायच्या. पाचव्या अंकात प्राण सोडलेला राजा पडदा पडल्यावर उठून बसायचा, तर समोर अक्का तळहात पसरून उभ्या. "राजे, तीन दिल्या होत्या." एवढी राखण करूनही दोन डझनांच्या आता अकरा उरल्या होत्या.

ही जाळी होती देवश्रीसाठी. दोन घरं सोडून राहणाऱ्या चंद्रकांत आणि शुभदा यांची ही एकुलती एक लेक. गणपतीतल्या मुलांच्या नाटकात सात वर्षांची देवश्री हरिण झाली होती आणि अक्कांनी तिला जी शिंगं करून दिली, ती तिने पुढे आठवडाभर शाळेतही घालून जायचा हट्ट धरला होता. आता ती मारतहळ्ळीला कंपनीत नोकरी करत होती आणि तिथल्याच मेल्विनशी तिचं लग्न ठरलं होतं. शुक्रवारी मंगल कार्यालयात आपल्या पद्धतीने, शनिवारी चर्चमध्ये त्यांच्या पद्धतीने.

"दुकानातली वेल, ती डोक्यावरची तयार जाळी, बघितली अक्का," देवश्री म्हणाली होती. "इतके खडे आणि मोती, की मान मोडेल. मला साधी हवी. तू केलेली."

अक्कांनी चिक्कपेटेच्या कापडबाजारातून तीन मीटर मऊ जाळी आणली, घडी अशी घातली की वरचा पदर चेहऱ्यावर येईल आणि खालचा कमरेपर्यंत पोचेल, वरच्या बाजूला चुण्या घालून त्या एका फणीवर बसवल्या, आणि कडेने रेशमाच्या एकेरी धाग्याने हातटाका घालायला बसल्या. पूर्वी हे काम दोन दुपारींचं होतं. या खेपेला आठ दिवस लागले. दिवाळीपासून अक्कांचा उजवा हात थरथरत होता. हे कृष्णाजींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही कळलं ते चहा निम्मा बशीत येऊ लागला तेव्हा. "मला कपातूनही पिता येतो, बशीतूनही," एवढंच ते म्हणाले होते.

जाळीपेक्षा मोठा घोर दुसराच होता. देवश्री माप द्यायला आली तेव्हा जाता जाता दारात थबकली होती.

"अक्का, आई चर्चमध्ये येणार नाही म्हणते."

"का गं? मेल्विन तर तिला आवडतो."

"आवडतो. त्याच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत तिने. हळद, रुखवत, सगळं हौसेने करतेय. पण शनिवारी येणार नाही. का ते सांगत नाही. बाबा येतील म्हणते." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांच्यात ती वेल नवरीच्या आईने घालायची असते. मेल्विनच्या बहिणीला तिच्या आईनेच घातली. मला कोण घालणार?"

"मी आहे की," अक्का पटकन म्हणून गेल्या. आणि दार लागल्यावर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. त्या हाताने पोरीच्या केसांत पिन खोचायची म्हणजे पिन कुठे जाईल याची खात्री नव्हती.

तर हा झाला पूर्वरंग. आता बुधवारची ती सकाळ.

महाराजांच्या डोक्यावरची जाळी बघून अक्कांचं समाधान झालं. त्यांनी ती उतरवली आणि खुर्चीतल्या पेपराकडे बघून हाक दिली, "अहो, चहा टाका. मोठं पातेलं."

कृष्णाजी उठले. मोठं पातेलं काढलं, मूठभर पावडर टाकली, पाणी उकळलं, गाळलं, कोमट केलं. दूध नाही, साखर नाही. त्यांनी विचारलंही नाही. अक्कांनी जाळी पातेल्यात सोडली, हलवली, उचलली. उचलताना हात थरथरला, एक टोक सुटून पुन्हा चहात पडलं. ते काढून त्यांनी जाळी मागच्या दोरीवर वाळत घातली.

आणि दोरीसमोर उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

रंगमंचावर पांढरं कापड कधी पांढरं वापरत नाहीत. दिव्यांच्या झोतात ते इतकं तळपतं, की माणसाचा चेहरा दिसतच नाही. म्हणून ऋषींची उपरणी असोत की राजकन्येचा शेला, पांढरं म्हटलं की आधी चहाच्या पाण्यातून काढायचं. चाळीस वर्षं त्या घरात पांढरं कापड आलं की चहा टाकला जायचा. पण देवश्री झोतात उभी राहणार नव्हती. ती चर्चमध्ये उभी राहणार होती, आणि जाळी आता सायीच्या रंगाची झाली होती. एका टोकाला तर चक्क तपकिरी डाग.

"अहो!" अक्का ओरडल्या. "अहो, हे नाटक नव्हे!"

कृष्णाजी धावत आले. जाळी बघितली. हातातल्या गाळणीकडे बघितलं.

"चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंत," अक्का म्हणाल्या, "माणूस वाक्य विसरायच्या आधी तुम्ही सांगायचात. आणि आज गप्प?"

"तू विसरली नाहीस गं," ते बिचारे म्हणाले. "तू बरोब्बर तेच केलंस. मी कशाला मध्ये बोलू?"

नवी जाळी मिळाली असती, नवे आठ दिवस मिळाले नसते. अक्का पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, ओलसर जाळी पितळी ताटात ठेवली, वर पंचा झाकला आणि दोन घरं चालत गेल्या. चूक ज्यांच्या कामात झाली त्यांना आपण होऊन सांगायची, ही त्यांची शिस्त. उसवलेली बाही त्यांनी कधी अंधारात लपवली नव्हती.

दार शुभदाने उघडलं. कपाळावर घाम, हाताला हळद. देवश्री कंपनीत गेली होती. लग्न परवा आणि हिची मीटिंग आज.

"शुभदा, माझ्या हातून घोटाळा झालाय," अक्का उंबऱ्यातच म्हणाल्या. "पोरीची जाळी मी चहात बुडवली."

"कशात?"

अक्कांनी पंचा बाजूला केला. गेले आठ दिवस शुभदा त्या जाळीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. विषय निघाला की भांडी घासायला उठायची. आता तिने हात पुसले, जाळीचं एक टोक चिमटीत धरलं आणि खिडकीपाशी उजेडात नेलं. बराच वेळ बघत राहिली.

"अक्का, ही पांढरी नाही."

"नाही गं. तेच तर सांगतेय. पांढरीशुभ्र होती. मी म्हातारी—"

"पांढरी नाही," शुभदा पुन्हा म्हणाली, आणि खुर्चीत बसली. अक्कांनी तीस वर्षांत तिला दुपारी कधी बसलेली पाहिली नव्हती.

"माझे वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. साताऱ्यात. आई एकोणतिसची. चौदाव्या दिवशी आजीने तिला पांढरं नेसवलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि मला म्हणाली, पिन लाव. उंचीला मीच बरोबर होते, आई बसली होती ना. मी लावली. मग ती तशीच राहिली, अक्का. मला तिचं डोकं उघडं असलेलं आठवतच नाही." तिने जाळीवरून अंगठा फिरवला. "देवश्रीने फोनवर फोटो दाखवला. पांढरं, डोक्यावरून घेतलेलं. सगळे म्हणतात किती गोड. मला कळतं हो, त्यांच्यात ते शुभ असतं. मेल्विनच्या आईला मी काय सांगू? पण माझ्या लेकीच्या डोक्यावर ते... माझ्याने बघवणार नाही."

समोरच्या माणसाचं वाक्य संपल्यावर लगेच आपलं सुरू करू नये, एवढं अक्का विंगेत उभं राहून शिकल्या होत्या.

शुभदानेच डोळे पुसले. गालाला हळद लागली. मग तिचं लक्ष त्या टोकाकडे गेलं आणि तिच्यातली गृहिणी जागी झाली.

"पण हा डाग काय? हे असं नाही चालायचं अक्का. साय म्हणावी तर सगळी साय हवी."

"कापड एकदम उचलावं लागतं. जे टोक मागे राहतं ते जास्त रंग पितं. आता सगळीच पुन्हा बुडवायची, त्या टोकाइतकी होईपर्यंत, आणि दोघींनी एका दमात उचलायची." अक्कांनी आपला उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो पदराखाली घेतला नाही. "मला एकटीला जमत नाही गं आता."

शुभदाने त्या हाताकडे पाहिलं. मग आत गेली आणि हळदी-कुंकवाच्या दुधाचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन आली. चहा तिनेच उकळला, दोनदा गाळला, अक्कांच्या सांगण्यावरून रंग धरावा म्हणून त्यात चमचाभर मीठ टाकलं.

"हलवत राहा. थांबायचं नाही. स्वल्प डावीकडे. हां."

"किती वेळ?"

"मी सांगते ना. तू माझ्याकडे बघ, पातेल्याकडे नको." अक्का मान हलवत मनात मोजत होत्या. "आता! उचल!"

चार हातांनी जाळी वर आली. दोघींच्या कोपरांपर्यंत चहा ओघळला, फरशीवर तळं झालं. डाग दिसेना. दुधावरच्या सायीसारखी, कोवळ्या उन्हासारखी जाळी दोघींच्या मध्ये लोंबत होती, आणि तिच्या पलीकडून शुभदाचा हळद लागलेला गाल दिसत होता.

"सरी!" अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या. "आता जमलं."

संध्याकाळी देवश्री आली. जाळी बघून आधी तिचा चेहरा पडला. "अक्का, ही पिवळी का दिसते?" मग तिने चर्चसाठी घेतलेली साडी कपाटातून काढली. मैसूर सिल्क, मलईच्या रंगाची, बारीक जरीची. साडीवर जाळी धरली आणि म्हणाली, "अय्या. ही तर हिचीच आहे." कुणी काही समजावून सांगितलं नाही. शनिवारचा विषय शुभदाने काढला नाही आणि अक्कांनी विचारला नाही.

शुक्रवारचं लग्न पार पडलं. शनिवारी दुपारी तीन वाजता कोरमंगलाच्या चर्चमागच्या छोट्या खोलीत देवश्री आरशासमोर बसली होती. अक्का शेजारच्या खुर्चीत. मांडीवर ताट, ताटात जाळी, हातात पेपरमिंटचा डबा. बाहेर ऑर्गनवर कुणीतरी सूर लावून बघत होतं. साडेतीन झाले. चंद्रकांत आले ते एकटेच. "ती येते म्हणाली होती बहुतेक," असं काहीतरी पुटपुटून ते घड्याळाकडे बघत बाहेर गेले.

"अक्का, घाल तू," देवश्री हळूच म्हणाली. आरशातून तिला अक्कांचा हात दिसत होता. तिने नजर खाली घेतली.

अक्कांनी डबा उघडला. एक पिन काढली. ती खाली पडली. दुसरी काढली.

तेवढ्यात दार लोटून शुभदा आत आली. हिरवी पैठणी, नाकात नथ, श्वास फुललेला. "त्या मेल्या ऑटोवाल्याला तीन चर्चं माहिती, आणि तिन्ही चुकीची!" एवढं बोलून तिने पर्स खुर्चीवर टाकली, खाली पडलेली पिन उचलली आणि लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली.

देवश्री आरशात बघत होती. शुभदाने ताटातली जाळी दोन्ही हातांनी उचलली, फणी अंबाड्यावर बसवली, पिन लावली, दुसरी लावली. प्रत्येक पिनेला तिचा हात क्षणभर थांबत होता आणि मग पुढे जात होता. अकरावी लावून झाल्यावर तिने वरचा पदर लेकीच्या चेहऱ्यावर सोडला. मग वाकून, जाळीतून तो चेहरा नीट पाहिला. दिसत होता. पुरता दिसत होता.

"छान दिसतेस," ती म्हणाली, आणि जाळीची कड सारखी केली.

ऑर्गन मोठ्याने वाजू लागला. चंद्रकांतांनी दारातून हात पुढे केला. देवश्री उठली, मायलेकी दाराशी गेल्या, आणि शुभदाने मागे वळून अक्कांकडे बघितलं. तिला बहुधा काही म्हणायचं होतं. आभार वगैरे.

पण अक्का आधीच आपल्या जागी उभ्या राहिल्या होत्या. रिकामा डबा छातीशी, उजवा हात पुढे, तळहात उघडा, थरथरणारा.

"शुभदा, अकरा दिल्यात," त्या म्हणाल्या. "मोजून परत घेणार आहे मी."