दिवेलागणीच्या मोटारी

आमची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. तिच्याआधीची दोन बाळं आम्हाला राहिली नव्हती, म्हणून हिच्या वेळी घरात कुणी साखर वाटायचं नाव काढलं नाही. पौषाची थंडी होती. नर्सबाईंनी तिला एका तळहातावर तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला ऊब पाहिजे. सारखी. शेगडी नका ठेवू, धुरानं गुदमरेल. घरी लाइट आहे ना? मग टोपलीवर बल्ब टांगा."

आमच्या गावाला, वरवट बकालला, वीज येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. घरापेक्षा शेताला तिचं कौतुक जास्त होतं, कारण विहिरींवर मोटारी बसल्या होत्या. आमच्या घरात एक बल्ब होता, एक टेबल फॅन आणि हौसेनं घेतलेला रेडिओ. बांबूच्या टोपलीत पिंजलेला कापूस घालून आम्ही मुलीला ठेवलं, वर बल्ब टांगला. दिवसभर तो पिवळट, मरगळलेला जळायचा, म्हणून मी मोठा बल्ब आणून लावला. संध्याकाळी तो एकाएकी पांढराशुभ्र पेटला आणि फट्कन उडाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बल्ब गेला की बायको मुलीला पोटाशी धरायची, मी चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरायचो. दुसरा बल्ब लागेपर्यंत मुलीचे ओठ निळसर व्हायचे. ते पाहवत नसे.

"नांदुऱ्याले जा," बायको म्हणाली. "बल्ब उडनार नाई असं काईतरी आना."

नांदुऱ्याच्या दुकानदारानं दोन वस्तू काउंटरवर मांडल्या. एक होता चार पॉइंटचा बोर्ड. काळा, चकचकीत, प्रत्येक पॉइंटला वेगळं बटण आणि कोपऱ्यात इवलासा लाल दिवा. दुसरा होता स्टॅबिलायझर, म्हणजे एक लोखंडी डबा, पुढे काचेत थरथरणारा काटा.

"बोर्डाचं काम काय, एका जागेवरून चार ठिकानी लाइट देनं," तो म्हणाला. "डब्याचं काम करंट वरखाली झाला तं संभाळनं. तुमाले काय पायजे, बोला."

"बल्ब उडते."

"मंग डबा न्या."

इतकं स्वच्छ त्यानं सांगितलं होतं. तरी मी बोर्डावरून हात फिरवत राहिलो. पैशाचं कारण सांगितलं तर आज मला सोपं जाईल, पण ते खरं नाही. एका बोर्डावर बल्ब, फॅन, रेडिओ सगळं लागेल, आल्यागेल्याला ते दिसेल, हे माझ्या मनात होतं. मनाची समजूत मी अशी घातली की चार पॉइंट आहेत, दोन बल्ब लावू. एक गेला तर दुसरा राहील.

"भाऊ, एकाच वाटेनं आलेला पूर दोन घरं ठेवते काय?" दुकानदार हसला, पण बोर्ड बांधून दिला. गिऱ्हाइकाला किती अडवणार?

त्या दिवशी दुपारीच दोन बल्ब लावले आणि मी शेतात गेलो. दिवेलागणीला मोटार बंद करून घरी आलो तर घरात अंधार, आणि चुलीच्या उजेडात बायको मुलीला छातीशी धरून बसलेली. दोन्ही बल्ब एकदम उडाले होते.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मले समजलं काऊन उडते. नाल्यावरच्या तुमच्या सर्व्यायच्या मोटारीयचा आवाज इथपर्यंत येते. तो बंद झाला का लगेच बल्ब जाते. रोज."

तिचं खरं होतं. दिवसभर मोटारी वीज ओढत, म्हणून घरात बल्ब मलूल. त्या एकदम थांबल्या की सगळा जोर तारेवर मोकळा, आणि त्याचा झटका आमच्यासारख्या शेवटच्या घराला. त्या मोटारींत एक माझी होती. रोज संध्याकाळी माझ्याच हातानं मी खटका ओढून येत होतो.

आमच्या नाल्याकाठी विहिरी शेजारी शेजारी आहेत. एकाची मोटार बाकीच्यांच्या मागे चालत राहिली, तर आपल्या विहिरीत झिरपणारं पाणी, म्हणजे झिरा, तिकडे ओढला जातो असं सगळे मानतात. म्हणून रीत अशी पडली होती की कुणीतरी शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोटारी बंद करायच्या. ही रीत पाळायला लावण्यात मी सगळ्यांत पुढे. मागच्या हंगामात शेजारच्या म्हाताऱ्याची मोटार थोडी जास्त चालली, तेव्हा मी बांधावर उभा राहून त्याला पाणीचोर म्हणालो होतो. चार माणसांसमोर. वडिलांच्या वयाचा माणूस. तो खटका ओढून निघून गेला होता. आता त्याच रितीत मला सवलत पाहिजे होती, आणि त्याच्यापुढे जायचं माझ्यानं होईना.

सकाळी तोच म्हातारा आपली बैलजोडी घेऊन आमच्या दारावरून निघाला. बाळंतीण असूनही बायको डोक्याला फडकं गुंडाळून उंबऱ्यात उभी राहिली.

"मामाजी, थांबा जराशीक." आणि तिनं सगळं सांगितलं. मोटारी एकदम बंद न करता एकामागून एक करा, एवढंच मागितलं.

म्हातारा म्हणाला, "तुह्या नवऱ्यालेच इचार ना माय. माही मोटार मांगं राह्यली तं बांधावर बोंबलला होता."

"हाव, बोंबलले. मीबी आयकलं."

"मंग?"

"मंग काई नाई. पोरगी थंडी पडून राह्यली."

म्हाताऱ्यानं बैलांचा कासरा आखडून धरला. मग म्हणाला, "घरात हाये काय तो?"

"हायेत. दाराआड उभे हायेत."

मी खरंच दाराआड उभा होतो. "ये बे भायेर," तो म्हणाला. मी खाली मान घालून बाहेर आलो. "आजपासून तुही मोटार पह्यले बंद. मंग बाकीच्यायची, एकएक करून. मी सांगतो त्यायले. माही सर्व्यात शेवटी. माह्या झिऱ्याचं म्हन का तुह्या झिऱ्याचं म्हन, पानी मीच ओढीन. हाये कबूल?"

"हाव, काका."

"अन् बांधावर दिसू नको."

त्या संध्याकाळी मी सगळ्यांआधी खटका ओढला आणि पळत घरी आलो. नाल्याकडून एक आवाज थांबला, थोड्या वेळानं दुसरा. प्रत्येक वेळी बल्ब किंचित उजळायचा. मग घराघरांत दिवे लागले, पिठाची चक्की सुरू झाली, आणि मोकळी झालेली वीज तिकडे वाटली गेली. म्हाताऱ्याची मोटार एकटीच घुमत राहिली. ती थांबली तेव्हा बल्ब एकदा लवलवला. पण राहिला. बायकोनं हात जोडले, ते देव्हाऱ्याकडे नाही, नाल्याच्या दिशेनं.

मी डबा आणायला पुन्हा नांदुऱ्याला गेलो, तर तो विकला गेला होता आणि दुसरा कधी येईल ते दुकानदाराला सांगता येईना. म्हणून ती सगळी थंडी आमची मुलगी त्या माणसांच्या भरवशावर जगली. कुणाला पिकाचं ओलीत उरकून लवकर घरी जायचं असेल, कुणाच्या घरी पाहुणे असतील. तरी एकदाही मोटारी एकदम बंद झाल्या नाहीत. मी ज्यांच्या पाण्यावर पाळत ठेवली, त्यांनी मला हे दिलं.

माघ सरता सरता नर्सबाईंनी मुलीला तपासलं आणि बल्ब काढायला सांगितला. मी म्हाताऱ्याकडे गेलो. "काका, आता पह्यल्यासारखं सर्व्यायनं एकदम बंद केलं तरी चालते."

"पह्यल्यासारखं कायले?" तो म्हणाला. "तुले आजून बोंबलाची हौस हाये काय? जा, पोरीले घे."

मी घरी आलो. तिच्या हातापायांना आता स्वतःची ऊब होती. मी तिला घेऊन ओट्यावर बसलो, आणि म्हाताऱ्याची मोटार थांबेपर्यंत उठलो नाही.