टेपवरची विभूती

गुरुसिद्ध मिस्त्री मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडच्या, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या एका गावचे. घरी शेती होती, पण त्यांचा जीव लाकडात. कोल्हापूरला येऊन उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली ते पॅटर्न करायला शिकले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले.

लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्यासारखीच लाकडाची करावी लागते. ती म्हणजे पॅटर्न. पॅटर्न वाळूत दाबून अलगद काढला की जी पोकळी उरते, तिच्यात लोखंडाचा रस ओततात. रस थिजताना आकसतो, म्हणून लाकूड किंचित मोठे ठेवायचे. वाळू न मोडता बाहेर निघावे म्हणून बाजूंना थोडा उतार द्यायचा. मोठे किती, उतार किती, हे वस्तूच्या नकाशात नसते. ते मिस्त्रीने ठरवायचे. गुरुसिद्ध ते ठरवत, आणि मग आपल्याच हाताने सागवानात उतरवत.

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, जीभही सुटली. हात मात्र थरथरत राहिला. पटाशी धरली की ती रेघ सोडून भलतीकडे जाई. लाकूड फुकट गेले की ते कोणी बघायच्या आत तुकडा उचलून भट्टीकडच्या ढिगात टाकत.

कारखान्याचे मालक वसंतआण्णा. त्यांनी त्याच सुमाराला आकड्यांवर चालणारे एक मशीन आणले होते. ते ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पॅटर्न कोरून काढी. त्याला तीनच दिशा ठाऊक : डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली. कटरने कुठून कुठे जायचे ते आकड्यांत लिहायचे आणि ते आकडे कागदी टेपवर भोके पाडून नोंदवायचे. मशीन टेपवर उजेड टाकी. ज्या भोकातून उजेड पलीकडे जाई त्यावरून त्याला आकडा कळे. हे सगळे पुण्याला शिकून आलेला नृसिंह गुळवणी नावाचा तरुण बघत असे. शिकलेला आणि कामाचा पोरगा, पण फाउंड्रीत तो नवा होता.

आण्णांनी गुरुसिद्धांना बोलावून घेतले.

"त्याला आकडं येत्यात, तुला लोखंड कळतंय. दोघांचा मिळून एक मिस्त्री हुतोय काय बघू."

"आणि न्हाय झाला तर?"

"मग गावाकडं भावाजवळ जा की. बसवून जेवू घालायला माझा काय मठ न्हाय, गुरुसिद्धा."

आण्णा बोलायला तसेच होते. त्यात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. भावाच्या ओसरीवर बसून, भावजयीने वाढले की जेवायचे, हे गुरुसिद्धांना नको होते. दुसऱ्या दिवसापासून ते नृसिंहच्या टेबलाजवळ स्टूल घेऊन बसू लागले.

नकाशा दोघांच्या मध्ये असे. पॅटर्नचे दोन भाग कुठे पाडायचे, कोपरा कुठे गोल करायचा, हे गुरुसिद्ध सांगत. नृसिंह त्याचे आकडे मांडी. लेथवरचा बाळासो येता-जाता चिडवी, "काय मिस्त्री, आता नुसतं तोंडानं रंधा मारताय व्हय?"

"तोंड चालतंय तवर मारायचा की," गुरुसिद्ध म्हणत.

त्यांचे पहिले मोठे काम पंपाच्या बॉडीचे होते. त्याच्यावरच आण्णा गुरुसिद्धांना ठेवायचे की नाही ते ठरवणार होते, हे सगळ्या शॉपला माहीत होते. अर्धे काम एका टेपवर सुरेख झाले. उरलेल्या कामाची दुसरी टेप तयार झाली तोवर खंडेनवमी आली आणि पूजेसाठी मशीन थांबले.

खंडेनवमीला शॉप झाडून, झेंडूच्या माळा लावून, प्रत्येकजण आपले हत्यार पाटावर मांडत असे. गुरुसिद्धांनीही रंधा, पटाशी, गुण्या पुसून मांडले. पण त्यांचे मन लागेना. ज्याला महिनोन्महिने हात लागला नाही त्याची पूजा कसली? आपल्याला आता भाकरी देते ते हत्यार कोणते? त्यांनी नृसिंहच्या खणातून टेपची गुंडाळी आणली आणि रंध्याशेजारी ठेवली.

नृसिंह हसला. "मिस्त्री, कागदाची पूजा?"

"काम करतंय त्याची पूजा."

नृसिंहला ते आवडले. त्याने गुंडाळी पाटावर राहू दिली. गुरुसिद्धांनी तळहातावर विभूती भिजवली आणि प्रत्येक हत्याराला ओढत आले तशीच गुंडाळीलाही तीन बोटे ओढली. हात थरथरला, तशी विभूती जरा जाडच लागली. दसऱ्यानंतर नृसिंहने गुंडाळीवरून रुमाल फिरवला. पांढुरक्या कागदावर राहिलेली राख त्याला दिसली नाही.

मशीन सुरू झाले. कटरने आधी वर जायचे आणि मग पलीकडे सरकायचे होते. तो उचललाच गेला नाही. कोरून झालेल्या उंचवट्यात तो आडवा घुसला, कर्कश आवाज झाला आणि नृसिंहने लाल बटण दाबेपर्यंत कटरचे तुकडे झाले होते. पॅटर्न मधोमध फाटला होता.

आण्णा आले. त्यांनी पॅटर्नकडे पाहिले, मग नृसिंहकडे.

"काय लिवलंस रं?"

नृसिंहचा चेहरा उतरला होता. त्याने आकड्यांचा कागद तपासला. कागदावर सगळे बरोबर होते. मग त्याने टेप दाराच्या उजेडात धरली. सुरुवातीलाच, कटर तीस मिलिमीटर वर न्यायचा आकडा होता तिथे, शेजारची दोन भोके पांढरी बुजली होती. तिनाचे शून्य झाले होते. एकच भोक बुजले असते तर मशीन आपण होऊन थांबले असते, कारण प्रत्येक आकड्याच्या ओळीतल्या भोकांची संख्या सम आहे ना, एवढे ते तपासते. दोन बुजल्यामुळे ओळ समच राहिली, आणि मशीनच्या लेखी काही बिघडलेले नव्हते.

नृसिंह टेप धरून नुसता उभा राहिला. गुरुसिद्ध स्टुलावरून उठून जवळ गेले.

"ती माझी बोटं हायत," ते म्हणाले.

"हत्याराला लावायचं ते आकड्याला लावलंस व्हय," आण्णा म्हणाले. बाळासोसुद्धा हसला नाही.

मग आण्णा नृसिंहकडे वळले. "मशीन तुझ्या ताब्यात हाय. ह्यो माणूस पायजे का नको, तूच सांग."

गुरुसिद्धांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते फाटलेल्या पॅटर्नकडे बघत राहिले. त्या पोराच्या जागी आपण असतो तर काय म्हणालो असतो, हे त्यांना ठरवता येईना.

"पाहिजेत," नृसिंह हळूच म्हणाला. "वाळूतलं मला त्यांच्याशिवाय कळत नाही. पण आण्णा, इथून पुढं टेपला आणि मशीनला त्यांनी हात लावायचा नाही."

"ऐकलंस?"

"ऐकलं," गुरुसिद्ध म्हणाले. "बरोबर हाय त्याचं."

बरोबर होते, म्हणूनच ते जास्त लागले. आजवर त्यांनी हाताशिवाय काही केले नव्हते.

शिवाजी पेठेतल्या खोलीवर त्यांची बायको मल्लव्वा वाट बघत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती.

"ठेवलं काय वो?"

"ठेवलं."

"मग जेवा की."

ते जेवले. ती अट त्यांनी तिला सांगितली नाही.

सकाळी ते नेहमीच्या वेळेला स्टुलावर बसले. नृसिंहने नवा कागद घेतला आणि नकाशा पुन्हा पसरला.

"मिस्त्री, या बाजूला उतार केवढा द्यायचा?"

दाखवण्यासाठी गुरुसिद्धांचा हात सवयीने उचलला गेला आणि नकाशावर अधांतरी थरथरत राहिला. त्यांनी तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि उतार शब्दांत सांगितला. नृसिंहने त्याचा आकडा लिहिला.