ढगाळ दिवसाचा तक्ता

"मले किड्याची किळस नाही येत. मानसाची येते."

हे वाक्य मावशी दिवसातून दोन-तीन वेळा तरी म्हणत. म्हणताना नाकाचा शेंडा वर जाई आणि उजवा हात पदराला पुसला जाई, जणू समोरच्या माणसाचं काहीतरी हाताला लागलंय. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्या परिचर होत्या. कॉलेजात परिचर बाईला सगळे मावशीच म्हणतात. तुमच्याही कॉलेजात अशी एखादी मावशी असेल. पण नाक मुरडण्याचं काम इतक्या प्रामाणिकपणे करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

प्रयोगशाळेतल्या बरण्या त्या उघड्या हातांनी धूत. फॉर्मलिनमधले बेडूक, फुगलेले साप, पिवळे पडलेले मासे, त्यांना कशाचंच काही वाटत नसे. पण जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी दिसली की तिथेच थांबत. एकदा टेबलावरून झुरळ गेलं म्हणून तीन मुलं बाकावर चढली. मावशींनी झुरळ चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडलं आणि त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "काहून रे, याले भेला? आन् थे जिन्यातली लाल घान तुनं केली तवा नाही भेला? याच्या अंगाले वास नाही. तुया तोंडाले हाय."

मुलगा खाली उतरला. खर्रा मात्र सुटला नाही.

मी सिहोऱ्याची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी लग्नाचं बोलणं सुरू केलं, तेव्हा विभागप्रमुख सर स्वतः सिहोऱ्याला आले. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाबा चिखलाच्या पायांनी बांधीतून आले आणि सर आमच्या दोरीच्या खाटेवर बसले, कपातला गोड चहा प्याले, म्हणाले, "हिला एम.एस्सी. करू द्या. माझी जबाबदारी." मी एम.एस्सी. झाले ते त्या एका वाक्यामुळे. पुढे सरांनीच मला प्रकल्प सहायक म्हणून घेतलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच्याशी बांधलेलं आहे.

काम असं होतं. वैनगंगेच्या पात्रात, मावशींच्या गावासमोर, रेतीचा एक लांबट टापू होता. पावसाळ्यात बुडायचा, दिवाळीनंतर वर यायचा. तिथल्या रेतीघाटाचा, म्हणजे रेती उपसण्याच्या हक्काचा, लिलाव करायचा होता, त्याआधी तिथे कोणते जीव राहतात याचा अहवाल हवा होता. पक्षी आणि मासे दुसऱ्यांकडे होते, किडे आमच्याकडे आले. मावशींचं माहेरही नदीकाठचंच. त्यांच्या आईबापांनी रेतीत टरबुजाच्या वाड्या केल्या होत्या, म्हणून सरांनी त्यांना माझ्याबरोबर दिलं.

पहिल्या दिवशी सर गाडी घेऊन आले. आभाळ भरून आलं होतं, वारा थंड होता. मावशी गाडीतच म्हणाल्या, "आज कायले आलो, सर? आभाळात थे पळपुटे बाहेर नाही निघत. घरातच राह्यते."

'पळपुटे' हा त्यांचा शब्द. पुस्तकात त्यांना व्याघ्रभुंगेरे म्हणतात. बोटाच्या पेराएवढे, लांब पायांचे, उन्हात रेतीवर इतके भरभर धावतात की डोळा मागे राहतो. सर हसले. "आज गाडी मिळाली आहे मावशी, रोज मिळत नाही." ते गाडीतच बसून राहिले. आम्ही दोघी टापूवर तासभर फिरलो. एकही भुंगेरा दिसला नाही. मी तक्त्यात शून्य लिहिलं, खाली सही केली, हवेच्या रकान्यात 'ढगाळ' लिहिलं.

"आजचं धरू नोका, सर," मावशी परतताना म्हणाल्या.

"नाही हो. तुम्ही दोघी या ना पुन्हा ऊन असताना."

आम्ही गेलो. एकदा नाही, त्या हिवाळ्यात कितीतरी सकाळी गेलो. माझं खरं शिक्षण तिथे झालं असं म्हणायला हरकत नाही. मावशी टापूच्या कडेला चपला काढायला लावत. सूर्याकडे तोंड करून चालायला लावत, म्हणजे आपली सावली मागे पडते. सावली अंगावर आली की भुंगेरा उडतो आणि तोच पुढे जाऊन बसला की आपण दोनदा मोजतो. ओल्या रेतीत त्यांच्या अळ्यांची पेन्सिलच्या टोकाएवढी गोल भोकं असतात. बांबूच्या कामट्यांचा चौकोन रेतीवर ठेवून आम्ही आतली भोकं मोजत होतो. मी वहीत रेघा ओढत असे. मावशींच्या पदराला दोन गाठी असत, दोन्हींत चिंचोके. एका भोकाला एक चिंचोका या गाठीतून त्या गाठीत. शेवटी माझ्या रेघा आणि त्यांचे चिंचोके ताडून पाहायचे. फरक निघाला की पुन्हा मोजायचं. चूक नेहमी माझीच असे.

"तुयी नजर कागदावर जाते," त्या म्हणत. "बिळं कागदात हायेत का रेतीत?"

पण टापूवर फक्त भुंगेरे नव्हते. दारूच्या बाटल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या प्लेटा, त्यांना चिकटलेला भात, बाळांचे फुगलेले लंगोट, कुणाच्या तरी उत्तरकार्याच्या पिशव्या. आणि सकाळी लोटा घेऊन येणारे लोक. चौकोन ठेवायला चांगली ओली जागा सापडावी तर नेमकं तिथेच कुणीतरी बसून गेलेलं. मी नाक दाबून बाजूला होई. मावशी एका काडीनं घाण बाजूला करून रेती टाकत आणि पलीकडच्या काठाकडे पाहून मोठ्यानं ओरडत, "लाज नाही वाटत का रे? येवढा गाव पडला हाय, तुमाले माया चौकोनातच याचं राह्यते?"

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "मोठीमाय, तुया चौकोनाचा सातबारा दाखव!"

त्या इतक्या हसल्या की चिंचोके सांडले. आम्ही तो पट्टा पुन्हा मोजला.

जानेवारीत तो पिवळा दिसला. इतर भुंगेरे मातकट असतात, याच्या पंखांवर हळदीच्या रंगाची नक्षी होती आणि तो फक्त टापूच्या खालच्या टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला राहत होता. मी त्याचे फोटो नागपूरच्या एका जाणकारांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की हा आपल्या भागात फारच क्वचित दिसतो, जागा जपा. मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "लिवून देल्लं का त्याहिनं? जपा म्हणून?" आणि दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

मार्चमध्ये सरांनी मला खोलीत बोलावलं. अहवाल तयार होता, शेवटच्या पानावर माझी सही हवी होती. मी चाळला. किड्यांच्या पानावर एकच तक्ता होता, पहिल्या दिवसाचा. ढगाळ दिवसाचा. खाली लिहिलं होतं: दखल घेण्याजोगे कीटक, निरंक. हवेचा रकाना पुन्हा टाइप करताना गाळला होता.

"सर, बाकीचे तक्ते?"

"ते आपण शोधनिबंधात वापरू. तुझं नाव पहिलं घालू. या अहवालाला एकाच दिवसाची पाहणी लागते."

"पण सर, पिवळा..."

सर वर बघून थोडं थकल्यासारखे हसले. "बाबा कसे आहेत?"

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मला आमची दोरीची खाट दिसली आणि मी सही केली. माझ्यासारखी मुलं अशीच सही करतात. कुणी आपल्या घरी येऊन खाटेवर बसलं, तर त्यालाही नाही म्हणता येतं हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नसतं. हे सांगतानाही मला तोंडात कडू येतं.

अहवालाची झेरॉक्स काढायला मावशींनाच पाठवलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण अहवालाची मराठी प्रतही होती आणि निरंक हा शब्द त्यांनी हजेरीच्या रजिस्टरात आयुष्यभर पाहिला होता. गठ्ठा छातीशी धरून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"निरंक म्हंजे काहीच नाही ना?"

"हो."

"खाली सही तुयी हाय."

"मावशी, सर म्हणाले की हे नुसतं कागदोपत्री आहे."

त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. ओठ आवळून माझ्याकडे पाहत राहिल्या. नाकाचा शेंडा वर गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये त्यांच्या गावात ग्रामसभा झाली. घाटाला गावाचा ठराव लागतो. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलावर फुलांची चादर, माईक. सरांना अहवालाबद्दल दोन शब्द सांगायला बोलावलं होतं आणि सरांनी मला बरोबर नेलं. सर म्हणाले की या जागी दुर्मीळ कीटक आढळले नाहीत. सरपंचांनी घाटातून गावाला मिळणाऱ्या रस्त्याचं सांगितलं. मग विचारलं, "कोणाले काही बोलाचं हाय का?"

मावशी बायकांच्या रांगेतून उठल्या. हातात प्रयोगशाळेतली एक बरणी, वर जाळीचं फडकं बांधलेलं, आत ओली रेती. त्या कधीच भुंगेरे पकडू देत नसत. मोजायचे, पकडायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी तो त्यांनीच मोडला. सरळ टेबलाशी गेल्या, फडकं सोडलं आणि बरणी फुलांच्या चादरीवर उपडी केली.

"हे घ्या तुमचं निरंक."

दहा-बारा भुंगेरे चादरीवरून सुसाट पळाले. एक ठरावाच्या वहीवर चढला, एक माईकवर. सरपंच खुर्चीसकट मागे सरकले. "अबे, झुरळं हायेत! हाणा, हाणा!" कुणीतरी चप्पल काढली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तलाठ्यांनी वही झटकली. सरांनी रुमाल नाकाला लावला होता, हे मला आजही आठवतं. त्या किड्यांना कसलाच वास नसतो.

"झुरळ नाही बावा," मावशी चढ्या आवाजात म्हणाल्या. "हे फक्त त्या रेतीत राह्यते. रेती गेली का गेले. पोरी, तू सांग. तुनं मोजले ना मायासंगं?"

 एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. सर माझ्याकडे पाहत नव्हते, ते समोरचं पाणी पीत होते.

मी म्हणाले, "अहवालात जो दिवस आहे, त्या दिवशी दिसले नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुम्ही तपासून पाहा. अजूनही रात्री-बेरात्री नव्हे, भर दिवसा, भात कालवताना मला ते वाक्य ऐकू येतं आणि घास खाली ठेवावासा वाटतो.

ठराव मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मावशींचा सख्खा पुतण्याही होता. मावशी खाली बसून चादरीखाली शिरलेले भुंगेरे एकेक करून बरणीत परत घालत होत्या. दोन चिरडले होते. ते त्यांनी बोटानं उचलून पदराच्या गाठीत ठेवले. मी मदतीला वाकले तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. तुया हाताले लागन."

नंतर कॉलेजनं त्यांना बरणी नेल्याबद्दल नोटीस दिली. त्यांनी ती घडी करून ठेवली, उत्तर दिलं नाही. त्यांची बदली ग्रंथालयात झाली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला आल्या नाहीत. सरांनी त्यांच्याविषयी चांगलं भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर टापू वर आला आणि यंत्रं उतरली. होळीपर्यंत खालच्या टोकाला हिरव्या पाण्याचा खड्डा झाला होता. त्यावर डिझेलचा तवंग आणि कडेला तेच थर्माकोल. पिवळा मी खूप शोधला. ऊन लख्ख होतं, सूर्याकडे तोंड करून चालले. नाही मिळाला.

तेव्हा कुठे मी नोकरी सोडली आणि सगळे तक्ते, फोटो, जाणकारांचं उत्तर जोडून जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला. माझी आधीची सही चुकीची होती असं त्यात स्पष्ट लिहिलं. पोचपावतीचा शिक्का मिळाला. अजून तरी तेवढंच मिळालं आहे.

मावशी लेकीकडे अड्याळला राहायला गेल्या होत्या. मी बाजाराच्या दिवशी गेले. त्या सुकटीच्या दुकानापाशी उभ्या होत्या, सुकट हातावर घेऊन वास घेत होत्या आणि विकणाऱ्याशी भांडत होत्या. मला पाहून त्यांनी सुकट परत टोपलीत टाकली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अर्ज दिला, खरे आकडे लावले, सरांचंही लिहिलं.

"कवा देल्लं?"

"मागच्या महिन्यात."

"आन् रेती?"

मी मान हलवली. त्यांनी बाजाराकडे पाहिलं. मग विचारलं, "मोजनीत मायं नाव टाकलं का?"

"हो मावशी. माझ्या आधी टाकलंय. मोजणी तुमचीच होती." मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

"काढून टाक."

"मावशी..."

"तुया सहीसंगं मायं नाव कोठंच नको, पोरी. कोठंच." आवाजात राग नव्हता. एखादीनं ताटातला खडा दाखवावा तसं त्या बोलल्या. मग पिशवी काखेत घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

मी अर्जाला दुरुस्तीपत्र जोडून ते नाव काढलं. इथेही कुठे लिहिलेलं नाही.