मामांचा चौथा गिअर

आमच्या मामेसासऱ्यांइतका एकनिष्ठ माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तापीच्या या काठाला नाही आणि त्या काठालाही नाही. ही निष्ठा त्यांनी मामींच्या पायी वाहिली असती तर मामी आज देव्हाऱ्यात बसल्या असत्या, आणि कारखान्याच्या पायी वाहिली असती तर शेटने त्यांना भागीदार करून घेतलं असतं. पण मामांनी ती वाहिली धुळ्याच्या चार पोरांच्या पायी. तीसेक वर्षांपूर्वी ही पोरं कॉलेजात शिकता शिकता गिटार आणि ड्रम घेऊन उभी राहिली, स्वतःला 'चौथा गिअर' म्हणवू लागली, मराठीत रॉक गाऊ लागली, आणि तीन कॅसेट काढून एकमेकांशी भांडून मोकळी झाली. बँड फुटला, मामा फुटले नाहीत. पोरं नोकऱ्यांना लागली, त्यांची पोटं सुटली, एकजण म्हणे नाशकात सिमेंट विकू लागला. आणि इकडे सुरतेत, डिंडोलीत, मामा रोज सकाळी देवाला उदबत्ती ओवाळून झाली की तीच उदबत्ती टेपरेकॉर्डरवर चिकटवलेल्या त्या चौघांच्या फोटोलाही ओवाळत राहिले. "चार टवाळ पोरं! देवना धूर तेसले कसाले?" असं मामी विचारायच्या. मामा शांतपणे सांगायचे, "देवना उरेल धूर शे."

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात झाली. मी मूळचा नगरकडचा, पर्वत पाटियाजवळच्या मार्केटात साड्यांच्या दुकानी काउंटरवर बसणारा. या खानदेशी मंडळींची अहिराणी मला तेव्हा अर्धीमुर्धीच कळायची. सासरेबुवांनी पगार विचारला, शेजारच्या काकांनी गावाकडची शेती विचारली, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातून आतला काळा टी-शर्ट स्वच्छ दिसत होता, माझ्या तोंडाकडे रोखून बघत विचारलं, "चौथा गिअर ऐकतस का तुमी?" मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं, पण अशा वेळी नाही म्हणायची छाती कुणाची होते? "ऐकलंय थोडंफार," मी म्हणालो. "कोणतं गानं आवडस?" "पहिलं," मी ठोकून दिलं. मामांनी मांडीवर थाप मारली आणि सासरेबुवांना निकाल सांगून टाकला, "पोऱ्या चांगला शे." लग्न झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून तिन्ही कॅसेट सलग ऐकवल्या. पहिलं गाणं कोणतं ते मला तेव्हा कळलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

मामा पस्तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्टर होते. मास्टर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. बाकीचे मास्टर लूमभोवती फेऱ्या मारत, वाकून बघत, हा नट पिळ, तो पट्टा ओढ असं करत. मामा डोळे मिटून लूमच्या लोखंडी चौकटीवर दोन्ही तळवे टेकवून नुसते उभे राहायचे. मग म्हणायचे, "दुसरी कॅसेट, तिसरं गानं. ड्रमवाला अठे एक ठोका खास. हाऊ दोन खाई राह्यना." आणि बरोबर त्या जागी पाना लावायचे. लूम पुन्हा धडधडायला लागला की ते त्याच्या पाठीवर शाबासकी दिल्यासारखं थोपटायचे. शेटला ना गाण्याशी देणंघेणं ना ठोक्याशी. तो गुजरातीत म्हणायचा, "मास्टर, तमारे जे गावुं होय ते गाओ, पण संचो चालू करो!"

त्या धडधडाटात ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठ वाचतो. मामीही लग्नानंतर काही वर्षं त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात, त्यामुळे दोघांचा संसार याच भाषेत सुरू झाला आणि घरी आल्यावरही ती सुटली नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मामी हातात लाटणं घेऊन भराभर ओठ हलवत होत्या, मामा कपाळाला आठ्या घालून त्याहून भराभर ओठ हलवत होते, आणि घरात आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. मी घाबरून बायकोकडे पाहिलं. "भांडताहेत," ती म्हणाली, "तुम्ही जेवा." गल्लीतलं सगळ्यात शांत जोडपं म्हणून त्यांचा लौकिक आहे, आणि नव्या सुनांना त्यांचं उदाहरण देतात.

इतकी भक्ती करूनही एक गोष्ट मामांच्या नशिबात नव्हती. 'चौथा गिअर' त्यांनी समोरासमोर कधी ऐकला नव्हता. बँड फुटण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम धुळ्यात झाला, तेव्हा मामा पिशवी भरून तयार होते. पण पाळीवरचा दुसरा मास्टर आलाच नाही आणि शंभर लूम टाकून त्यांना निघता आलं नाही. त्या कार्यक्रमाचा शेवट म्हणे 'शेवटची एस.टी.' या गाण्याने झाला. गाव सोडून सुरतेला निघालेला पोरगा बसमध्ये बसलाय आणि त्याची आई बाहेरून पदराने खिडकीची काच पुसतेय, एवढंच ते गाणं. मामाही असेच आले होते, त्यामुळे हे गाणं आपल्यालाच विचारून लिहिलंय अशी त्यांची खात्री होती. सुरतेतच कोसाडला एक वऱ्हाडी रंगारी राहतो, तो त्या कार्यक्रमाला हजर होता. दर दिवाळीला मामा फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडे जायचे आणि तो कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत वदवून घ्यायचे. रंगारीही डब्याला जागायचा. दरवर्षी त्यात काहीतरी नवीन निघायचं. "मास्तर, त्या गायकानं माह्याच बाटलीतलं पाणी पेलं ना!" हे गेल्या दिवाळीचं. त्याआधीच्या दिवाळ्यांत बाटली नव्हती, पण मामांनी ते कधी काढलं नाही.

आणि मग यंदा बातमी आली की 'चौथा गिअर' पुन्हा एकत्र येतोय, गावोगाव कार्यक्रम करतोय, आणि खानदेशी माणसं इतकी म्हणून सुरतेलाही येतोय. मी मोबाइलवर दोन तिकिटं काढली आणि पेढे घेऊन मामांकडे गेलो. मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते. कानात इयरफोन, डोळे मिटलेले, मान डुलत होती, मांडीवर बोटं ठेका धरत होती. चेहरा असा उजळलेला की हाक मारायचा धीर होईना. मी शेजारी टेकलो आणि माझं लक्ष खाली गेलं. इयरफोनची वायर खुर्चीखाली लोंबत होती. मोबाइल आत कट्ट्यावर चार्जिंगला होता.

मामांनी डोळे उघडले आणि माझी नजर कुठे आहे ते त्यांना दिसलं. ओठ वाचणाऱ्याला नजर वाचायला काय वेळ लागतो? वायर गुंडाळत ते म्हणाले, "मामीले सांगू नका, जवाई." पस्तीस वर्षं लूमच्या आवाजात घालवलेले ते कान हळूहळू गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून ते सगळ्यांशी इतकं बेमालूम बोलायचे की आम्हाला कुणालाच पत्ता लागला नाही. त्यांना फक्त ड्रमसारखे जाड आवाज लागायचे, तेही अंगाला लागायचे, कानाला नाही. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र पेटीत पडून होतं. एकदा लावून पाहिलं होतं म्हणे. "मशीनमा गिअर ऐकनं म्हणजे दुसरानं चावेल ऊस खानं." मी तिकिटं पुढे केली तेव्हा त्यांनी ती आधी कपाळाला लावली आणि मग विचारलं, "आते जाईसन काय करू? 'शेवटची एस.टी.'ले ड्रमच नही." त्या वेळी मला फार वाईट वाटलं. एका गाण्यासाठी माणसाने इतकी वर्षं थांबावं आणि ते दारात यावं तेव्हा कान बंद व्हावेत, हा कुठला न्याय?

पण गेलो. कार्यक्रम संध्याकाळी सातचा, मामा चारला मैदानात. पांढरा शर्ट त्या दिवशी पहिल्यांदाच घरी राहिला होता आणि आतला, धुऊन धुऊन राखाडी झालेला बँडचा टी-शर्ट उघड्यावर आला होता. तसेच टी-शर्ट घातलेली, तशीच टकलं आणि पोटं असलेली माणसं चहूबाजूंनी येत होती, आणि मामा प्रत्येकाला लग्नघरच्या यजमानासारखे "या, या" करत होते. स्टेजपुढच्या लोखंडी कठड्यापाशी आम्ही जागा धरली. ती चार पोरं, आता चार काका, वर आली, पहिला ठोका पडला, आणि मामांनी डोळे मिटून दोन्ही तळवे कठड्यावर टेकवले. दुसऱ्या ठोक्याला ओरडले, "पहिली कॅसेट, चौथं गानं!" पुढचा तासभर त्यांनी एकही गाणं चुकवलं नाही. कठडा असा थरथरत होता की माझ्याही कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. मला वाटलं, जिंकलं म्हाताऱ्याने.

मग ड्रमवाला काठ्या ठेवून पाणी प्यायला गेला. गायक एकटा गिटार घेऊन पुढे आला आणि सगळं मैदान एकदम ओरडलं. मामांचे तळवे कठड्यावरच होते. त्यांनी ते जरा सरकवले, दाबले, पुन्हा सरकवले. कठडा गप्प होता. त्यांनी गायकाच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथे माइक होता, आणि माइकमागे पिकलेली भरघोस दाढी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लूमच्या भाषेत, आवाज न काढता विचारलं, "कोणतं?" मी ओठांनी सांगितलं, "शेवटची एस.टी." त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाईघाईने गाण्याचे शब्द ओठांवर आणायला गेलो. मला दोन ओळींपलीकडे ते येतच नव्हते. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर ते गाणं ऐकलं होतं आणि एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मामा वळले. त्यांनी स्टेजकडे चक्क पाठ केली आणि कठड्याला टेकून ते गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. सगळं मैदान गात होतं. हजारो माणसं, मोबाइलचे दिवे वर धरून, एकाच वेळी एकच ओळ म्हणत होती, आणि त्या दिव्यांत सगळ्यांचे ओठ लख्ख दिसत होते. ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे स्टेजकडे बघत होते. मामा एकटे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलू लागले. तिसऱ्या रांगेतल्या एका चष्मेवाल्याकडे बोट करून ते मला म्हणाले, "हाऊ देखा, चुकी राह्यना! दुसरं कडवं पहिले म्हणी राह्यना!" आणि त्यांनी त्याला हाताने खूण करून थांबवला, योग्य ओळीवर आणला, आणि त्याच्याबरोबर पुढे निघाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मामी मेथी निवडत होत्या. मला बघताच त्यांनी ओसरीत बसलेल्या मामांकडे पाठ केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "तेसले काही ऐकू उनं का?" मी दचकलो. मामी म्हणाल्या, "दहा वरीस व्हयनात. तेसले वाटस, माले माहीत नही." दहा वर्षं ही बाई भांडण असो की भाजी, प्रत्येक शब्द नवऱ्यासमोर येऊन बोलत होती, आणि आम्ही तिला लूमची सवय म्हणत होतो. मी त्यांना मैदानातलं सगळं सांगितलं. त्यांनी मेथीचं ताट उचललं, ओसरीत जाऊन मामांच्या समोर बसल्या, आणि निवडता निवडता त्यांचे ओठ हलू लागले.

मामा आधी गोंधळले. मग हळूच खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या कडव्यापाशी त्यांनी मामींना हाताने थांबवलं, ओळ सुधारली, आणि मामींनी ती डोळे वटारून पुन्हा म्हटली. अलीकडे रोज संध्याकाळी हे चालतं. टवाळ पोरांच्या तिन्ही कॅसेट मामींना पाठ आहेत. गल्लीतून जाणाऱ्याला ओसरीत दोन म्हातारी माणसं गप्प बसलेली दिसतात. मी मात्र आता दारातच थांबतो आणि गाणं संपल्यावर आत जातो.